आडात काय काय होतं

मेलच्या विषयाच्या जागी माझा पासवर्ड लिहिलेला होता. फक्त तेवढाच. आजी मला ज्या नावानं हाक मारायची ते नाव आणि पुढे चार आकडे. ते नाव आजीशिवाय घरात कुणी घेत नसे आणि ती गेल्यावर तर ते कानावर पडायचंच थांबलं होतं. म्हणूनच मी त्याचा पासवर्ड केला होता, दिवसातून एकदा तरी ते माझ्या बोटांखालून जावं म्हणून. आता ते एका अनोळखी माणसानं मला लिहून पाठवलं होतं.

आत मजकूर होता: तुझ्या लॅपटॉपमध्ये मी शिरलो आहे, कॅमेऱ्यातून तुझा व्हिडिओ काढला आहे, दोन दिवसांत बिटकॉइन पाठव, नाहीतर तो तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना जाईल. मी घाबरले. लॅपटॉप मिटला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि बराच वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. मग मेल पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की व्हिडिओ कधीचा, कशाचा, याची एकही खूण त्यात नाही. पासवर्डही आठ वर्षांपूर्वीचा. अशा मेलची मोठी लाट २०१८ साली जगभर आली होती. कुठल्या तरी साइटवरून फुटलेली मेल आणि पासवर्डची यादी मिळवायची आणि प्रत्येकाला त्याचाच पासवर्ड दाखवून एकच मजकूर धाडायचा. व्हिडिओ वगैरे काही नसतं. त्या माणसाकडे माझी एकच गोष्ट होती, पण ती खरी होती आणि तिच्या जोरावर बाकीचं सगळं खोटं खपत होतं.

पैसे मी पाठवले नाहीत. मेलला उत्तरही दिलं नाही. पण हे नाव फुटलं कुठून, हा प्रश्न काही केल्या सुटेना.

फुटलेल्या याद्या तपासायला 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञानं ती २०१३ साली सुरू केली. मेलचा पत्ता टाकला की तो कोणकोणत्या चोऱ्यांमध्ये सापडला ते कळतं. माझा पत्ता सात ठिकाणी निघाला. त्यातल्या तीन साइट मी साफ विसरले होते. एका साइटवर फक्त एकदा, एक फाइल उतरवून घेण्यासाठी खातं काढलं होतं आणि त्यानंतर तिकडे फिरकलेही नव्हते. पण त्यांच्या दप्तरी मी होते. माझं नाव, जन्मतारीख आणि आजीनं ठेवलेलं ते नावसुद्धा.

त्याच साइटवर नुसता पासवर्ड तपासायचीही सोय आहे. मी आधी बिचकले. पासवर्ड फुटलाय का हे विचारायला तो पुन्हा कुणाला तरी द्यायचा, हा कुठला शहाणपणा? पण तिथली रीत वाचली आणि मला ती फार आवडली. पासवर्ड आपल्याच ब्राउझरमध्ये ४० अक्षरी सांकेतिक खुणेत बदलतो. त्यातली पहिली पाच अक्षरं तेवढी पुढे जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो खुणा साइट परत पाठवते आणि आपली त्यात आहे का, हे आपलाच ब्राउझर घरी बसून बघतो. म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर मिळतं आणि सांगणाऱ्याला प्रश्न पुरता कळतही नाही. पुढच्या तीन महिन्यांत मी जे काही शिकले, त्याचं बी इथेच होतं. तेव्हा मात्र ते उमगलं नव्हतं.

कारण त्याच रात्री, घाबरलेल्या डोक्यानं, मी एक चूक करून बसले. 'स्वतःचं रक्षण करा' म्हणणारं एक फुकट व्हीपीएन ॲप, म्हणजे इंटरनेटवरची आपली वाट झाकणारं, फोनवर घेतलं. त्यानं संपर्कयादीची परवानगी मागितली, ठिकाणाची मागितली. मी दिली. वर छोटीशी किल्ली दिसायला लागली आणि मला झोप लागली.

दोन दिवसांनी त्या ॲपचं गोपनीयता धोरण शांतपणे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. चाळीस मिनिटं लागली. 'भागीदार' हा शब्द इतक्यांदा आला होता की मी मोजणं सोडलं. आपण कोणत्या साइटना भेट देतो याची नोंद 'सेवा सुधारण्यासाठी' ठेवली जाईल आणि भागीदारांना दिली जाऊ शकेल, असं एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर होतं. संपर्कयादी कशाला हवी, याचा तर कुठे खुलासाच नव्हता. मी ॲप काढून टाकलं. ॲप काढता येतं, पण नेलेली यादी परत आणता येत नाही. तीनशेच्या वर माणसांचे नंबर मी त्यांना न विचारता एका अनोळखी कंपनीच्या हवाली केले होते. त्या वेळी मला फक्त स्वतःची काळजी होती, त्यामुळे हा सल मनात खोल जायला वेळ लागला.

मग ठरवलं, आता घाई नाही. आधी कळून घ्यायचं, मग निवडायचं.

सुरुवात व्हीपीएनपासूनच केली. व्हीपीएन म्हणजे एक बोगदा. एरवी आपण कोणत्या साइटवर गेलो हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसतं. व्हीपीएन घेतलं की तिला फक्त बोगद्याचं तोंड दिसतं. पण बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला व्हीपीएनवाला बसलेला असतो आणि आता ते सगळं त्याला दिसतं. विश्वास एका दारावरून उचलून दुसऱ्या दारावर ठेवला, एवढाच फरक. बरं, आजकाल बहुतेक साइटचा पत्ता 'एचटीटीपीएस'नं सुरू होतो. त्यामुळे आपण आत काय लिहिलं-वाचलं ते वाटेतल्या कुणालाही तसंही वाचता येत नाही. सार्वजनिक वायफायवर बसलात की चोर तुमचा पासवर्ड टिपणारच, ही जाहिरातींमधली भीती बरीचशी जुन्या काळातली आहे. आणि माझा पासवर्ड वाटेत चोरीला गेलाच नव्हता. तो साइटच्या कोठारातून गेला होता. तिथे जगातलं कुठलंही व्हीपीएन माझ्या उपयोगी पडलं नसतं. चोरी मागच्या दारानं झाली होती आणि मी पुढच्या दाराला कुलूप लावत होते.

फेसबुकनं २०१३ साली ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचं 'ओनावो प्रोटेक्ट' हे व्हीपीएन ॲप लोक संरक्षण म्हणून वापरायचे आणि त्याच वाटेनं लोक फोनवर दुसरी कोणती ॲप किती वापरतात हे फेसबुकला कळायचं. २०१८ साली ॲपलनं ते आपल्या ॲप स्टोअरमधून काढायला लावलं. अवास्टचंही तसंच. विषाणूंपासून वाचवणारं सॉफ्टवेअर म्हणून लोकांनी ते संगणकात घेतलं आणि त्यांनी कोणती पानं उघडली याची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. बोभाटा झाल्यावर २०२० साली जम्पशॉट बंद झाली आणि २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड बसवला. राखणदारानंच पिकाचा हिशेब बाहेर विकावा, तसं हे.

'सर्वोत्तम दहा' छापाच्या परीक्षणांवर मी सुरुवातीला बराच भरवसा ठेवला होता. तोही उडाला. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीनं सायबरघोस्ट घेतलं, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस घेतलं, २०२१ साली एक्सप्रेसव्हीपीएन घेतलं आणि त्याच वर्षी व्हीपीएनची परीक्षणं छापणारी व्हीपीएनमेंटर ही साइट चालवणारी कंपनीही घेतली. वधूपक्षाचा मध्यस्थ वरपक्षाच्याच घरात राहत असेल, तर स्थळाची चौकशी त्याच्याकडे करून काय मिळणार? मालकी लपवलेली नाही, शोधली की सापडते. पण परीक्षण वाचणारा ती शोधायला जात नाही. मीही गेले नव्हते.

या टप्प्यावर मला खरंच हताश वाटायला लागलं. प्रत्येक कंपनीच्या पहिल्या पानावर तेच शब्द होते. 'आम्ही नोंदी ठेवत नाही', 'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन', 'तुमची गोपनीयता हीच आमची निष्ठा'. सगळेच एका सुरात बोलत असतील तर खरा कोण हे शब्दांवरून ओळखायचं कसं?

उत्तर शब्दांत नव्हतंच. ते मला घडलेल्या प्रसंगांमध्ये सापडलं.

२०१६ साली अमेरिकेतल्या एका तपासासाठी सिग्नल या संदेश-ॲपला दोन फोन नंबरांबद्दल माहिती द्यायचा कायदेशीर हुकूम आला. त्यातल्या एका नंबरवर सिग्नलचं खातंच नव्हतं. दुसऱ्याबद्दल कंपनीनं दोन गोष्टी दिल्या. खातं कधी उघडलं ती वेळ आणि शेवटचं कधी जोडलं गेलं ती तारीख. नाव, संदेश, कोण कुणाशी बोललं, यातलं काही दिलं नाही, कारण त्यांच्याकडे ते नव्हतंच. २०२३च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या पोलिसांनी गोथेनबर्गमधल्या मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या कचेरीत झडतीचं वॉरंट घेऊन पाऊल टाकलं. ग्राहकांची माहिती असलेले संगणक न्यायचे होते. मुलवाड खातं काढताना नाव विचारत नाही, मेलही विचारत नाही. फक्त १६ आकड्यांचा एक क्रमांक देते. तुम्हाला हवी ती माहिती इथे नाहीच, हे कंपनीनं दाखवून दिलं आणि पोलीस रिकाम्या हातांनी परतले.

हे वाचताना लहानपणापासून ऐकलेली म्हण एकदम नव्यानं कळली. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आतापर्यंत मी ही म्हण कुणाला तरी हिणवताना ऐकली होती. इथे तेच भूषण होतं. कंपनी किती चांगली, मालक किती सज्जन, हे मी कधीच तपासू शकणार नाही. पण तिच्या आडात काय साठतं, हे बऱ्याच अंशी तपासता येतं. सज्जन मालक उद्या कंपनी विकेल, प्रामाणिक नोकराच्या हातून चूक होईल, न्यायालय हुकूम काढेल, चोर शिरेल. या चारही वेळी एकच प्रश्न उरतो. आत काय होतं?

दुसऱ्या बाजूचे प्रसंगही मी तितक्याच बारकाईनं वाचले. २०२१ साली प्रोटॉनमेल या मेलसेवेला स्विस कायद्यानुसार एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे तो इंटरनेटला कुठून जोडला जातो ती खूण, नोंदवून द्यावा लागला. मेलचा मजकूर त्यांना देता येत नव्हता, तो कुलूपबंद होता. पण पत्ता नोंदवता येत होता आणि हुकूम आल्यावर तो नोंदवला गेला. नंतर कंपनीनं आपल्या पहिल्या पानावरचं आयपीविषयीचं वाक्य बदललं. हा प्रसंग वाचून प्रोटॉनला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटलं नाही. कायद्यापुढे कुठलीच कंपनी उभी राहू शकत नाही. जे हुकमानं गोळा करता येतं ते गोळा होणार, हे धरूनच चालायचं.

लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेचं २०२२चं प्रकरण मात्र मला जास्त लागलं. चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच नेल्या. तिजोऱ्यांमधले पासवर्ड कुलूपबंद होते, पण ते कोणत्या साइटचे आहेत, ते पत्ते उघडे होते. कुणाचं कुठे खातं आहे, याचा आयता नकाशा. शिवाय काही जुन्या खात्यांची कुलपं जुन्याच, कमकुवत मापाची राहिली होती. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप, आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही हे त्या दिवशी मी वहीत लिहिलं. कशाकशाला आहे, हे विचारायला हवं.

मग मी एक साधी गोष्ट केली. पासवर्ड सांभाळणाऱ्या आणि फाइली साठवणाऱ्या पाच सेवांना एकच प्रश्न लिहून पाठवला: 'मी माझा मुख्य पासवर्ड विसरले, तर तुम्ही मला माझा मजकूर परत मिळवून द्याल का?' दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकीनं मोठ्या आपुलकीनं लिहिलं, अजिबात काळजी करू नका, ओळख पटवलीत की आम्ही सगळं परत उघडून देऊ. म्हणजे किल्ली त्यांच्याकडे आहे. मला उघडून देऊ शकतात तर दुसऱ्यालाही देऊ शकतात. उरलेल्या दोघींचं उत्तर कोरडं होतं. नाही, आम्हाला ते शक्य नाही, सुटकेचा कागद तुमचा तुम्ही छापून ठेवा. त्या कोरड्या उत्तरानं मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याच जाहिरातीनं आला नव्हता. कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगते. सेवा निवडण्याआधी हा प्रश्न विचारा आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवा.

शेवटी मी बिटवॉर्डन घेतलं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या सूचनांवर चालतं त्या, कुणालाही वाचायला उघडा आहे आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून झालेल्या तपासणीचे अहवाल वाचायला मिळतात. ज्यांना आपली तिजोरी कुणाच्याच सर्व्हरवर नको असेल त्यांच्यासाठी कीपासएक्ससी आहे. त्यात सगळं आपल्या संगणकातल्या एकाच फाइलमध्ये राहतं. मात्र त्या फाइलच्या प्रती सांभाळायची जबाबदारीही आपलीच. माझी शिस्त तेवढी नाही हे मला माहीत होतं, म्हणून पहिलं.

आता ही तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड. आपण मनानं निवडलेला पासवर्ड आपल्याच आयुष्यातून येतो आणि म्हणून तो दुसऱ्यालाही सुचू शकतो. आजीच्या हाकेनं मला हे शिकवलं होतं. यावर डाइसवेअर नावाची एक जुनी रीत आहे, १९९५ सालची. फासे टाकायचे, आलेल्या आकड्यांसमोरचा शब्द यादीतून उचलायचा. मूळ यादी ७,७७६ शब्दांची, पाच फाशांची. माझ्या हाती आल्या त्या याद्या इंग्रजी होत्या. मला शब्द माझे हवे होते. म्हणून भाचीला बरोबर घेतलं आणि चार फाशांना पुरेल अशी १,२९६ मराठी शब्दांची यादी आम्ही दोघींनी चार संध्याकाळी बसून केली. पागोळी, भिंगरी, उंबरठा, कंदील, घुबड, विळखा. शब्द सुचेनासे झाले की ती खिडकीबाहेर बघायची आणि दिसेल ते सांगायची. रोमन अक्षरांत कसे लिहायचे ते आधीच पक्कं केलं, नाहीतर 'वि'साठी डब्ल्यू की व्ही, यातच पुढे अडकले असते.

मग दार लावून एकटीनं फासे टाकले. चार फासे, सात वेळा. तिसरा शब्द मला अगदीच आवडला नाही. पुन्हा टाकावंसं वाटलं, हात पुढेही गेला. पण आवडीनिवडीनं शब्द बदलायला लागलं की पुन्हा मीच निवडू लागते आणि फाशांचा उपयोग संपतो. तो नावडता शब्द तसाच ठेवला. आज सातांमधला तोच सगळ्यात आधी आठवतो. सात शब्दांच्या या माळेच्या एकूण शक्यता २२ आकडी संख्येत जातात. आमची यादी चोराच्या हाती जरी पडली, तरी त्या कमी होत नाहीत. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या सांकेतिक लिपीच्या अभ्यासकानं १८८३ साली हेच मांडलं होतं की पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त हवी.

सात शब्द कागदावर लिहून पाकिटात बंद केले आणि पाकीट ताईकडे ठेवायला दिलं. मला काही झालं तर घरच्यांना बँकेच्या, विम्याच्या कागदांपर्यंत पोचता यायला हवं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुने मेल चाळून मी माझ्या खात्यांची यादी केली. १४३ निघाली. रोज संध्याकाळी सहा-सात घ्यायची, जे लागत नाही ते बंद करायचं, जे लागतं त्याला नवा, तिजोरीनं बनवलेला, मलाही पाठ नसलेला पासवर्ड द्यायचा. मेल आणि बँक आधी, कारण मेल गेला की 'पासवर्ड विसरलात?' या वाटेनं बाकी सगळं जातं. ८१ खाती बंद केली. एका साइटनं खातं बंद करण्यासाठी माझ्या ओळखपत्राचा फोटो मागितला. खातं उघडताना त्यांना माझं आडनावसुद्धा लागलं नव्हतं आणि निघताना सरकारी कागद हवा होता. मी दिला नाही. त्या खात्यात जेवढं बदलता येत होतं तेवढं बदललं. नाव, जन्मतारीख, पत्ता. खरं असं तिथे काही उरू दिलं नाही आणि मग सोडून दिलं.

दोन टप्प्यांच्या पडताळणीत मी एकदा पडले. मेसेजनं येणारा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण कुणी फोन कंपनीला फसवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम मिळवलं तर ओटीपी त्याच्याकडे जातो. म्हणून मी दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलणारं ॲप घेतलं. त्याला नेटवर्क लागत नाही. फोनमध्ये ठेवलेलं एक गुपित आणि घड्याळातली वेळ यांतून ते आकडे निघतात. पण दोन महिन्यांनी फोन बदलला आणि गुपितं नव्या फोनवर आणायची राहून गेली. जुना फोन मी पुसून टाकला होता. कामाच्या एका खात्याबाहेर नऊ दिवस उभी राहिले. खातं उघडताना मिळालेले सुटकेचे दहा कोड मी 'नंतर छापू' म्हणून सोडून दिले होते. आता ते छापतेच आणि ते कागद तिजोरीच्या पाकिटाशेजारी ठेवते.

मेलची टोपणनावं मात्र प्रत्येकानं घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. दर साइटला वेगळा मेल पत्ता द्यायचा, सगळे येऊन एकाच पेटीत पडतात. सहा आठवड्यांत एका पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती यायला लागल्या. तो पत्ता जगात मी फक्त एकाच ठिकाणी दिला होता, तपासणीची वेळ ठरवणाऱ्या एका सेवेला. त्यांनी विकला की त्यांच्याकडून फुटला, हे मला कळायचा मार्ग नाही. पण कुठून गेला हे कळलं आणि तो पत्ता एका क्षणात बंदही करता आला. आजीच्या हाकेच्या वेळी यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं.

व्हीपीएन? अजून घेतलेलं नाही. गरज पडली तर कोणतं घेईन ते ठरलं आहे. पण माझ्या यादीत ते सगळ्यात शेवटी आहे.

हे सगळं मी ताईला मोठ्या उत्साहानं फोनवर सांगत होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तू तुझं सगळं कुलपात घातलंस. पण माझ्या फोनमध्ये तू आहेसच की. तुझा नंबर, वाढदिवस, घराचा पत्ता, फोटो. आणि मी तर कुठल्याही ॲपला हो म्हणते."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तीनशे माणसांची ती संपर्कयादी पुन्हा डोळ्यांपुढे आली. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या आडात डोकावून माझं काय काय आहे ते शोधत होते. माझ्या फोनमध्ये कुणाकुणाचं काय आहे, हे बघायचं मला सुचलं नव्हतं.

त्या रात्री बघितलं. चौदा जणांची ओळखपत्रं निघाली. कुणाचं तिकीट काढताना मागवलेलं, कुणाचा अर्ज भरताना. तीन पासबुकांची पहिली पानं. एका सहकाऱ्याच्या आईचा रक्ततपासणीचा अहवाल, डॉक्टरांना दाखव म्हणून पाठवलेला. ती बाई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिच्या आजाराचे आकडे माझ्या खिशात फिरत होते. त्यातलं प्रत्येक क्लाउडवरही आपोआप चढलेलं. मी एकेकाला फोन करून विचारलं आणि पुसत गेले. आधी फोटोंमधून, मग चॅटमधून, मग क्लाउडवरून, मग तीस दिवस सांभाळून ठेवणाऱ्या कचरापेटीतून.

ताईचं शेवटी आलं.

"तुझं ओळखपत्र आहे माझ्याकडे, सहा वर्षांपासून. पुसू?"

"मला लागलं तर?"

"मूळ कार्ड तुझ्या कपाटात आहे ना, ताई."

"आहे खरं." ती थोडा वेळ गप्प राहिली. "पूस मग." आणि लगेच म्हणाली, "थांब, तुझंही आहे माझ्याकडे. क्लाउडचं ते कुठून पुसतात, मला सांग बरं. फोन स्पीकरवर टाकते."